वाढदिवस आणि निरोप एकाच केकवर नकोत

आदरणीय ताई,

मी ठाण्याची, पाचपाखाडीत वाढलेली. एप्रिलपासून एका सत्रासाठी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे शिकत आहे. येत्या २० जुलैला मी २३ वर्षांची होईन आणि २७ जुलैला फ्रँकफर्टहून माझे परतीचे विमान आहे. वसतिगृहात आमचा अकरा जणांचा गट जमला आहे. त्यात स्पेन, पोलंड, घाना, व्हिएतनाम आणि तुर्की अशा ठिकाणांहून आलेले विद्यार्थी आहेत आणि काही जर्मनही आहेत. वाढदिवस आणि माझा निरोप मिळून १९ तारखेच्या रात्री एकच मोठी पार्टी करायची, असे त्यांनी ठरवले आहे आणि मला त्या कल्पनेनेच रडू येते. आई म्हणते, "परक्या ठिकाणी कसला वाढदिवस, आषाढ वद्य सप्तमीला तिथीने घरी करू." ठाण्याच्या मैत्रिणी चिडवतात, की चार महिन्यांच्या ओळखीवर एवढा काय जीव जडला. वाढदिवस कसा करावा, यांचा निरोप कसा घ्यावा आणि ही मैत्री टिकेल का, हे कृपया सांगावे.

— एक ठाणेकर विद्यार्थिनी

चि. ठाणेकर विद्यार्थिनीस,

तुझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोघांचे उत्तर एकत्रच देते, कारण तुझी अडचण ते दोन प्रसंग एकत्र आणल्यामुळेच झाली आहे. एकच पार्टी करण्याचा बेत मित्रांना नीट सांगून मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी तो प्रेमानेच आखला असणार, आणि परीक्षांच्या दिवसांत अकरा जणांना दोन संध्याकाळी मोकळ्या मिळणे कठीण, हा त्यांचा हिशेबही खरा आहे. परंतु वाढदिवसाला एक माणूस मधोमध असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती असतात, तर निरोपाला एकासमोर एकच जण असावा लागतो. हे दोन्ही एका खोलीत आणि एका रात्रीत बसवले, की वाढदिवसाचे गाणे चालू असतानाच कोणाचा तरी गळा दाटून येतो, मग सगळेच गप्प होतात आणि पुढचे दोन तास जो तो दुसऱ्याला हसवण्याच्या कामाला लागतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. १९९७ साली इंग्लंडमधले माझे शिक्षणाचे वर्ष संपले, तेव्हा शेवटच्या रात्री मी चौदा जणांना जेवायला बोलावले आणि ठाणेकर पाहुणचार म्हणजे काय ते एकदा दाखवूनच द्यावे, या हट्टापायी संपूर्ण संध्याकाळ कांदाभजी तळत उभी राहिले. समोरच्या खोलीत एक हंगेरियन मुलगी राहत असे. वर्षभर रोज रात्री अकराला आम्ही दोघी चहा घेत असू, आणि घरच्या काळज्या मी तिच्याइतक्या मोकळेपणाने दुसऱ्या कोणालाही सांगितल्या नव्हत्या. त्या रात्री तीही इतरांसारखी रांगेत आली, आम्ही एकमेकींना मिठी मारली आणि "सकाळी भेटू" असे म्हणालो. तिची बस पहाटे सहाची होती आणि मला सात वाजता जाग आली. त्या रात्रीचा चौदा जणांचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात ती कडेला अर्धी कापली गेली आहे.

आता वाढदिवसाकडे वळू. १९ जुलैला रविवार आहे, आणि त्याच रात्री फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना असून तो जर्मनीत ९ वाजता सुरू होणार आहे. तुझ्या गटाने तारीख ठरवताना हे मनात धरले होते, की पुढे त्यांची पंचाईत होणार आहे, ते मला कळायला मार्ग नाही. पण फुटबॉलच्या अंतिम सामन्याशी स्पर्धा करून आपला वाढदिवस साजरा करण्याइतकी हौस कोणालाही नसावी. शिवाय रविवारी तिकडे बहुतेक दुकाने बंद असतात आणि रात्री दहानंतर वसतिगृहात शांतता पाळावी लागते, हे तुला एव्हाना माहीत असेलच. म्हणून त्या रात्री सगळ्यांबरोबर बसून सामना पाहा. मध्यरात्री वाढदिवसात प्रवेश करण्याची प्रथा जर्मन तरुणांतही आहे, तेव्हा बारा वाजले की ते गाणे म्हणतीलच, आणि त्या रात्रीपुरते तेवढे पुरे. खरा बेत सोमवारी, २० तारखेला, संध्याकाळी सहाचा ठेव. तेव्हा भरपूर उजेड असेल, दुसऱ्या दिवशी ज्याची परीक्षा असेल तो आठ वाजता उठून अभ्यासाला जाऊ शकेल, आणि ठाण्यात त्या वेळी रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील. ही वेळ मी का निवडली, ते पुढे सांगते.

त्याआधी एक गंमत ध्यानात ठेव. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्यामुळे ठाण्यात बारा वाजून तुझे आईबाबा आणि बहुधा सगळी चुलत भावंडे एकदम व्हिडिओ कॉल करतील, तेव्हा तुझ्याकडे १९ तारखेचे रात्रीचे साडेआठच झालेले असतील आणि सूर्यही मावळलेला नसेल. जन्मदिवस उजाडण्याआधी शुभेच्छा देणे जर्मन लोक अशुभ मानतात, आणि एरवी शकुन-अपशकुनाला हसणारी माणसेही या एका बाबतीत फार काटेकोर असतात. तुझ्या हातातल्या फोनवर दहा जण एकदम ओरडू लागले, की शेजारच्या जर्मन मैत्रिणीचा चेहरा पडेल. ठाण्यात वीस तारीख खरोखरच लागलेली आहे आणि माझा जन्म तिथला आहे, एवढे तिला सांग, म्हणजे तिचेही समाधान होईल.

वाढदिवस ज्याचा असतो त्यानेच केक आणावा आणि खाऊ घालावे, ही तिकडची रीत आपल्याला नवी वाटायला नको, कारण आपल्याकडेही महाविद्यालयात आणि कार्यालयात 'पार्टी दे' असा धोशा ज्याचा वाढदिवस असतो त्याच्याच मागे लावला जातो. तेव्हा केक विकत आण, पण एक पदार्थ घरचा कर, आणि तो श्रीखंडच कर. भजी नकोत, हे मी अनुभवाने सांगितलेच आहे, आणि तळणाच्या धुराने वसतिगृहातले धूरसूचक यंत्र कोकलू लागले तर साऱ्या इमारतीला खाली उतरावे लागेल, हे आणखी एक कारण आहे. जर्मनीत कोणत्याही दुकानात मिळणारा क्वार्क हा आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. त्यातला जास्त स्निग्धांशाचा घ्यावा. अकरा जणांना दीड किलो पुरेल. शनिवारीच आणून ठेव, रविवारी रात्री स्वच्छ फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर निथळत ठेव आणि सोमवारी सकाळी पिठीसाखर, वेलची आणि दुधात खललेले केशर घालून घोट. क्वार्क मुळात चक्क्यापेक्षा कमी आंबट असतो, म्हणून साखर बेताने घालावी. पुऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस, वाटीत वाढून चमचे दे. कोणी दूधदुभते खात नसेल तर त्याच्यासाठी मसालेभात कर, आणि कोण काय खात नाही ते आधीच विचारून ठेव. केक तोंडाला फासण्याचा प्रकार मात्र तिकडे नेऊ नकोस. तो मला इथेही कधी आवडलेला नाही, आणि अन्न वाया घालवणे पाहून त्यांच्यापैकी अनेकांना मनापासून वाईट वाटेल.

ठाण्यातली साडेनऊची वेळ मी औक्षणासाठी निवडली आहे. 'तिथे कसला वाढदिवस' असे तुझी आई म्हणते, त्यात तुझ्या मित्रांविषयी राग असेल असे मला वाटत नाही. आजवरच्या बावीस वाढदिवसांना तुला बहुधा तिनेच ओवाळले असेल, आणि यंदा आपले त्या दिवशी काहीच काम नाही, हे तिला सलत असावे. म्हणून तिला काम दे. गटातल्या सर्वांत मोठ्या मुलीला तुला ओवाळायला सांग आणि कसे ओवाळायचे ते आईला फोनवरून शिकवू दे. एका ताटलीत कुंकू, अक्षता, सुपारी, एखादी अंगठी आणि छोटा दिवा इतके पुरते, आणि तूप तिकडे बुटरश्माल्झ या नावाने मिळते. दिवा बाहेरच्या अंगणात लावावा, म्हणजे धूरसूचकाची धास्ती नाही. अंगठी आणि सुपारी कोणत्या बाजूने फिरवायची यावर पाचपाखाडीतून सूचना येतील आणि घानाची किंवा पोलंडची मुलगी त्या गंभीरपणे पाळेल. तुझ्या आईला त्या मुलीचे नाव नंतर कधी विसरता येणार नाही. ती सगळी परकी माणसे आहेत, हा तिचा समज मोडण्यासाठी तुला निराळे काही बोलावे लागणार नाही.

यानंतर तुझ्या हातात २१ ते २६ असे सहा दिवस उरतात, आणि निरोपाचे काम या सहा दिवसांत करायचे आहे. दहाही जणांना सारखाच वेळ द्यायला हवा असे मनावर घेऊ नकोस. गट अकरा जणांचा असला तरी खरी जवळीक तिघाचौघांशीच असते, आणि हे सगळ्यांना ठाऊक असते, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. त्या तिघाचौघांना एकेकटे भेट, आणि तुमची मैत्री जिथे झाली त्या जागी भेट. एखादीशी ओळख तळघरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रापाशी झाली असेल, तर तिच्याबरोबर शेवटचे कपडे तिथेच धू. एखाद्याबरोबर विद्यापीठाच्या खानावळीत रोज जेवत असशील, तर त्याच टेबलावर जेव. जुन्या गावाभोवतीच्या तटबंदीवरून चालायला तासाभराची वाट आहे, ती तर यासाठीच केली असावी, कारण शेजारी शेजारी चालताना एकमेकांकडे पाहावे लागत नाही आणि अवघड बोलणे सोपे जाते. बाजार चौकातल्या गेन्सेलीझलच्या, म्हणजे त्या हंस राखणाऱ्या मुलीच्या कारंज्यापाशी मात्र सगळ्यांनी मिळून फोटो काढा. तिथे डॉक्टरेट मिळवणारे विद्यार्थी वर चढून त्या पुतळ्याचे चुंबन घेतात. तुझी डॉक्टरेट अजून दूर आहे, तेव्हा तू खाली उभी राहा.

भेटल्यावर काय बोलायचे, असे तू विचारलेले नाहीस, पण मोठा प्रश्न तोच असतो. 'तू फार चांगली आहेस, मी तुला कधी विसरणार नाही' हे वाक्य कोणालाही उद्देशून म्हणता येते, म्हणून ते टाळावे. त्या माणसाने तुझ्यासाठी केलेली एखादी नेमकी गोष्ट आठवून ती त्याला सांग. पहिल्या आठवड्यात कचरा चुकीच्या डब्यात टाकल्यावर कोणी न हसता तो उचलून योग्य डब्यात टाकला असेल, किंवा तापात कोणी दाराबाहेर सूप ठेवले असेल. ज्याने ते केले तो बहुधा विसरून गेलेला असतो, आणि तुझ्या लक्षात राहिले हे त्याला त्या दिवशी कळते. रडू आले तर येऊ दे. जर्मन माणसे अशा वेळी थोडी अवघडतात आणि कागदी रुमालाचे पाकीट पुढे करतात. ती त्यांची माया समजावी. जाताना 'जाते' म्हणायचे नसते, 'येते' म्हणायचे असते, हे त्यांना शिकवलेस तर उत्तम. 'पुन्हा भेटेपर्यंत' अशाच अर्थाचा निरोप त्यांच्या भाषेतही असल्यामुळे त्यांना ते लगेच उमगेल.

भेटवस्तूंवर पैसे खर्च करू नकोस आणि त्यांनाही करू देऊ नकोस, कारण विमानात नेता येणारे वजन मोजके असते आणि तुझी पुस्तकेच त्यातले बरेचसे खातील. वापरातल्या वस्तू मागे ठेव. मसाल्याचा डबा जिला हळदीचा उपयोग कळला आहे तिला दे, आणि ठाण्याहून नेलेला कुकर असेल तर तो पुढच्या सत्राला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यासाठी ठेव. मात्र कुकरबरोबर तांदळाला किती शिट्ट्या आणि राजम्याला किती, हे कागदावर लिहून ठेव. ज्याला तो मिळेल त्याला तुझे नाव कळणार नाही, पण अक्षर ओळखीचे होईल.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. नगर कार्यालयात राहण्याची नोंद रद्द करणे घर सोडण्याआधीच्या आठवड्यापासून करता येते, म्हणजे ते काम नेमके तुझ्या निरोपाच्या दिवसांत येते. त्याची वेळ आताच घेऊन ठेव. खोलीची अनामत, बँक, ग्रंथालयाची पुस्तके आणि गुणपत्रकाचा अर्ज हे सगळे वाढदिवसाआधी उरकावे. पार्टीनंतरच्या रिकाम्या बाटल्या दुकानात परत केल्यावर मिळणाऱ्या अनामतीच्या पैशांतून दुसऱ्या दिवशी दोघातिघांचे आइस्क्रीम होते, तेव्हा त्या टाकून देऊ नयेत. २७ तारखेला स्थानकावर सगळ्यांना आणू नकोस, एक-दोघेच पुरेत. फलाटावर दहा जण उभे असले, की गाडी सुटेपर्यंत नुसती फोटोंची गडबड होते.

मैत्री टिकेल का, या प्रश्नाला 'हो' असे सरसकट उत्तर मी देणार नाही. दहांपैकी दोन किंवा तीन टिकतील, आणि त्या कोणत्या असतील याचा तुझा आजचा अंदाज बहुधा चुकेल. 'संपर्कात राहू' या आश्वासनावर मैत्री तगत नाही. दोघांच्या हातात काहीतरी एक काम असेल, तर ती चालू राहते. तू ज्या गावात आहेस त्याचे आणि महाराष्ट्राचे एक जुने उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. संस्कृतचे पंडित फ्रान्झ कीलहॉर्न हे १८६६ पासून पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकवत होते आणि १८८२ साली ते ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून गेले. पुण्यात त्यांच्या जागी रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. कीलहॉर्न गेले म्हणून इथला धागा तुटला नाही. पतंजलीच्या महाभाष्य या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीचे खंड मुंबईत १८८५ पर्यंत प्रसिद्ध होत राहिले, आणि त्याच वर्षी ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पत्र पोहोचायला दोन-तीन आठवडे लागत त्या काळातली ही गोष्ट आहे.

तुम्हाला महाभाष्य संपादित करायचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण व्हिएतनामी मैत्रीण आणि तू एकच पुस्तक महिन्याला एक प्रकरण याप्रमाणे वाचू शकता. जर्मन मैत्रिणीला देवनागरी शिकायची असेल, तर तू दर रविवारी अर्धा तास शिकवावे आणि तिने तुझे जर्मन गंजू देऊ नये. बोलण्याची वेळ आताच ठरवून घ्या, आणि २५ ऑक्टोबरला तिकडची घड्याळे मागे गेली की अंतर साडेचार तासांचे होते, हे लक्षात ठेवा. नाहीतर पहिलाच रविवार चुकतो आणि 'ती विसरली' असे दोघींनाही वाटते. ज्यांच्याशी असे काही जुळणार नाही, त्यांच्याशी संबंध विरळ होत गेला तर त्यात कोणाचाही दोष मानू नकोस. चार महिने जे मिळाले ते खरेच होते.

ठाण्याच्या मैत्रिणींचे चिडवणे मी तरी मनावर घेतले नसते. त्यांच्याशी तुझी मैत्री शाळेच्या बाकापासूनची आहे आणि ती तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून सावकाश झाली आहे. तिकडे मात्र ज्यांना एकमेकांची भाषा, सण, घरचे वळण यांतले काहीच माहीत नव्हते, त्यांनी चार महिने एका स्वयंपाकघरात रोज काढले. असा चार महिन्यांचा सहवास इथल्या चार वर्षांच्या तोडीचा होऊ शकतो, हे त्यांनी अनुभवलेले नाही. त्यामागे थोडी भीतीही असेल, की आता ही आपली राहिली नाही. म्हणून परत आल्यावर पहिल्या दिवशी पाचशे फोटो दाखवू नकोस. आल्या-आल्या लोक दोन प्रश्न विचारतात, हवा कशी होती आणि जेवणाचे काय करत होतीस. त्या दोनांची उत्तरे दे, आणि बाकीचे ज्याला ऐकायचे आहे त्याने विचारेपर्यंत राखून ठेव. पहिले पंधरा दिवस जरा सुने जातील, कारण चार महिन्यांची सवय सुटायलाही वेळ लागतो.

आणि तिथीचा वाढदिवस नक्की करून घे. तारीख आणि तिथी साधारण १९ वर्षांनी पुन्हा एकत्र येतात. तुझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला, म्हणजे २०२२ साली, त्या जुळल्या असतील किंवा फार तर एखाद्या दिवसाने चुकल्या असतील. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे आषाढ वद्य सप्तमी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते, म्हणजे तू घरी पोहोचून आठवडाभर झालेला असेल. आई म्हणते ते आणि मित्र म्हणतात ते, दोन्ही पंचांगाच्या कृपेने तुला मिळते आहे, मग एकीकडे नकार कशाला द्यायचा? त्या संध्याकाळी ठाण्याच्या मैत्रिणींना जेवायला बोलाव आणि ओवाळताना आईच्या शेजारी त्यांना उभे कर. फक्त आईने चक्क्याचे श्रीखंड केले, तर क्वार्कचे याहून चांगले झाले होते, असे निदान पहिल्या वाटीला म्हणू नकोस.